रविवार बंद मागा, पण बाटली मोरीत ओतू नका

मागच्या अंकात एका वाचक भगिनीला उत्तर देताना मी लिहिलं होतं की लहानपणी आमच्या घरी वडिलांच्या दारूमुळे रविवार हा आठवड्यातला सगळ्यात लांब दिवस असायचा. त्या एका वाक्याला धरून या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेते. नावं छापत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : ताई, मी धायरीत राहते. माझे मिस्टर फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. रोज संध्याकाळी घेतात, पण कामाला खाडा करत नाहीत. रविवारी मात्र सकाळी दहाला चौकातल्या वाईन शॉपचं शटर वर गेलं की पहिलं गिऱ्हाईक हेच. माझा दहा वर्षांचा मुलगा रविवारी खाली खेळायला जात नाही, बाबा रस्त्यात पडलेले पोरांना दिसतील म्हणून. माझे चुलत दीर नॉर्वेत असतात. ते सांगतात, तिथे रविवारी दारूचं दुकान उघडतच नाही. मग आपल्याकडे का नाही? आम्ही गल्लीतल्या चाळीस बायकांनी सह्या गोळा केल्यात, कलेक्टरसाहेबांना अर्ज देणार आहोत. पहिली सही तुमची हवी. आणि एक विचारायचं होतं. हे शनिवारी रात्रीच दुसऱ्या दिवसाची सोय करून ठेवतात. ती बाटली पहाटे उठून मोरीत ओतून टाकावी म्हणते. चालेल ना?

उत्तर : ताई, सही करते. पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबण्यासारखं नाही. बाटली ओतू नका.

मी चौदा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट सांगते. आम्ही खडकीला राहायचो. वडील फिटर होते, हाताला कसब होतं आणि रोज पिणं होतं. दुसऱ्या दिवशी गांधी जयंती, म्हणजे दुकान बंद. आईने १ तारखेला रात्री, वडील पिऊन झोपल्यावर, पिंपामागे लपवलेली उद्याची बाटली शोधून काढली आणि मोरीत ओतली. मी कंदील धरून उभी होते. वास जावा म्हणून आम्ही दोघींनी तीन बादल्या पाणी टाकलं. २ तारखेला वडील दिवसभर फिरून आले, कुठे मिळाली नाही. संध्याकाळी त्यांच्या हातातली कपबशी इतकी वाजायला लागली की चहा निम्मा बशीत आला. घामाने बनियन भिजलं होतं. आईला मात्र वर्षभरात पहिल्यांदा नवरा न पिता घरात बसलेला दिसत होता. तिने शिरा केला. मला अजून त्या शिऱ्याला घातलेल्या वेलदोड्याचा वास आठवतो.

३ तारखेला पहाटे वडिलांना झटका आला. दात आवळले, जीभ चावली गेली, अंथरूण रक्ताने माखलं. शेजारच्यांनी चप्पल हुंगवली, कोणी कांदा फोडून आणला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, शेवटची कधी घेतली होती? आईने सांगितलं, परवा रात्री, त्यानंतर थेंब नाही. ते ती अभिमानाने सांगत होती. डॉक्टर म्हणाले, बाई, रोजच्या पिणाऱ्याची दारू अशी एकाएकी तोडायची नसते. वडील वाचले. पण आईने तो बोल स्वतःला शेवटपर्यंत लावून घेतला. पुढे मी या कामात आले, सव्वीस वर्षं व्यसनी माणसांच्या घरच्यांबरोबर बसले, त्याचं मूळ त्या पहाटेत आहे.

आता यामागचं कारण. दारू मेंदूला गुंगवते. रोज गुंगवलं की मेंदू त्याला तोंड देण्यासाठी जास्त जागा, जास्त तापलेला राहायला शिकतो. दारू अचानक थांबली की ही जाग मोकाट सुटते. पहिल्या सहा-बारा तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, झोप लागत नाही. झटका यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत येतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भास होतात. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं दारात उभी दिसतात, ताप चढतो, माणूस आपल्याच घरात हरवतो. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही. पण ज्याला सकाळी उठल्याबरोबर हाताचा कंप थांबवायला ‘उतारा’ घ्यावा लागतो किंवा ज्याला पूर्वी कधी असा झटका येऊन गेला आहे, त्याच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय दारू तोडण्याच्या भानगडीत पडू नये. तुमचे यजमान सोमवार ते शनिवार रोज घेतात आणि रविवारी सकाळपासून घेतात. तेव्हा हे तुम्हाला लागू आहे असं धरूनच चाला.

हे सगळं आपण मोठ्या प्रमाणावर २०२० मध्ये पाहिलं. २५ मार्चला टाळेबंदी सुरू झाली, दुकानं एका रात्रीत बंद झाली आणि त्या पहिल्या आठवड्यात माझा फोन खाली ठेवता येत नव्हता. ‘मावशी, हे पंख्याशी बोलतायत’, ‘ताई, पप्पांना फिट आली, रिक्षा मिळत नाही.’ केरळमध्ये तर सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला होता. डॉक्टरांच्या संघटनेनेच त्याला विरोध केला आणि उच्च न्यायालयाने २ एप्रिलला तो थांबवला. मला डॉक्टरांचं म्हणणं पटलं होतं. अशा माणसाला औषध द्यायचं असतं, दारू नाही. पुढे मे महिन्यात दुकानं उघडली तेव्हा पुण्यातल्या रांगा टीव्हीवर दाखवून सगळे हसत होते. त्या रांगांत उभी असलेली काही माणसं मला माहीत होती. ती मजेसाठी उभी नव्हती.

मग करायचं काय? यजमान शुद्धीत असतील अशा एखाद्या सकाळी, भांडणाच्या दुसऱ्या दिवशी नको, डॉक्टरांकडे चला म्हणा. ससूनला मानसोपचार विभाग आहे. येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. हे केंद्र डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी उभं केलं. शरीरातली दारू सुरक्षितपणे उतरवायला साधारण आठवडाभर औषधं देतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. ते आले नाहीत तर तुम्ही एकट्या जा. घरच्या माणसांनी आधी यायला काहीच हरकत नसते, माझ्याकडे येणारी निम्मी माणसं तशीच येत. १४४४६ या नशामुक्तीच्या हेल्पलाईनवर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. आणि कधी झटका आलाच तर त्यांना कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालू नका, चप्पल आणि कांदा तर नकोच, आणि १०८ ला फोन करा.

आता नॉर्वेचं. तुमचे दीर बरोबर सांगतात. तिथे ४.७ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेली कुठलीही दारू फक्त सरकारी दुकानात मिळते. विनमोनोपोले असं त्या दुकानांचं नाव, १९२२ पासूनची आहेत. रविवारी ती बंद. साधी बिअर किराणा दुकानात मिळते, पण तीही आठवड्यात रात्री आठपर्यंत, शनिवारी सहापर्यंत आणि रविवारी नाही. स्वीडनमध्येही सरकारी दुकान शनिवारी दुपारी तीनला बंद होतं ते सोमवारीच उघडतं. अमेरिकेत वेगळी तऱ्हा. तिथे रविवार हा चर्चचा दिवस, म्हणून जुने कायदे. मिनेसोटा राज्यात १८५८ पासूनची रविवारची बंदी २०१७ च्या जुलैत उठली. इंडियाना राज्यात मार्च २०१८ पर्यंत रविवारी बाटली विकत घेऊन घरी नेता येत नव्हती. आता दुपारी बारा ते रात्री आठ मिळते. टेक्सासात कडक दारूची दुकानं आजही रविवारी उघडत नाहीत.

आपला रविवार चर्चमधून आलेला नाही, आणि मला वाटतं हे तुमच्या अर्जात यायला हवं. आपल्याला रविवार नारायण मेघाजी लोखंड्यांनी मिळवून दिला. मूळचे आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे, जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी. मुंबईच्या गिरणी कामगारांना सुट्टी नव्हती. त्यांनी रविवार मागितला तेव्हा सांगितलं की हा आमच्या खंडोबाचा वार आहे. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी ते मान्य केलं. थकलेल्या माणसाला अंग टेकायला, पोराबाळांत बसायला म्हणून भांडून मिळवलेला हा दिवस आहे. तुमच्या मुलाला तो खिडकीत बसून काढावा लागतो, हे माझ्या मते अर्ज करायला पुरेसं कारण आहे.

पण ‘दुकान बंद केलं की पिणं थांबेल’ असं अर्जात लिहू नका, कारण ते खरं नाही, आणि समोरचा अधिकारी तिथेच अर्ज बाजूला ठेवेल. स्वीडनने उलटा प्रयोग केला होता. तिथे शनिवार बरीच वर्षं बंद होता, २००० साली आधी काही जिल्ह्यांत आणि २००१ मध्ये देशभर शनिवार उघडला. विक्री वाढली ती चार टक्क्यांच्या आत. मारामाऱ्यांत ठळक वाढ दिसली नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने १९९५ मध्ये रविवारची विक्री सुरू केली, तेव्हा एका अभ्यासात रविवारचे दारूमुळे होणारे अपघात २९ टक्क्यांनी वाढलेले दिसले. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी तेच आकडे तपासून हा निष्कर्ष मान्य केला नाही. म्हणजे एका दिवसाचा परिणाम होतो का, तर थोडा होत असावा, आणि तो कोणावर होतो हे महत्त्वाचं.

मी जे घराघरांत पाहिलं ते असं. रविवारी मटण आणायला बाहेर पडलेला, दुकान उघडं दिसलं म्हणून एक क्वार्टर घेऊन आलेला माणूस बंद शटर पाहून सरळ घरी येतो. त्याच्या घरच्यांना रविवार बंद असण्याचा खराखुरा फायदा आहे. अशी माणसं पुष्कळ आहेत, त्यांची पत्रं कुणाला येत नाहीत इतकंच. तुमच्या यजमानांसारखा माणूस शनिवारी दोन आणून ठेवतो. माझे वडील ३० सप्टेंबरलाच आणायचे. आणि ज्याच्याकडे शनिवारी दोन घेण्याइतके पैसे नसतात, तो ब्लॅकने घेतो किंवा हातभट्टीकडे वळतो. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं मेली, ती मिथेनॉल असलेली दारू पिऊन. ही सगळी रोजंदारीवरची, गरीब माणसं होती. म्हणून मी सही करणार, पण अर्जात दोन गोष्टी घालूनच करणार. एक, रविवार बंदचा निर्णय झाला तर तो काही महिने आधी जाहीर व्हावा आणि त्या काळात आपल्या भागातल्या सरकारी दवाखान्यात दारू सुरक्षितपणे सोडवण्याची औषधं आणि ती देणारा माणूस असावा. दोन, ब्लॅकने विकणाऱ्यांवर रविवारी कारवाई करण्याची जबाबदारी कोणाची, ते आदेशातच लिहावं. केरळने २०१४ मध्ये सगळे रविवार ड्राय डे केले होते आणि काही महिन्यांतच तो निर्णय मागे घेतला. आपला अर्ज तसा अर्धवट नको.

आणि अर्ज कलेक्टरसाहेबांना देऊ नका, किंवा द्या पण प्रत म्हणून द्या. दारूबंदी कायद्याच्या कलम १४२ खाली जिल्हाधिकारी शांतता-सुव्यवस्थेसाठी ठरावीक दिवस दुकानं बंद ठेवू शकतात. कायमचे सगळे रविवार हा धोरणाचा विषय आहे. राज्यघटनेनुसार दारू हा राज्याच्या यादीतला विषय, तेव्हा अर्ज राज्य सरकारकडे, राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नावाने गेला पाहिजे. तुमच्या आमदारांच्या हातात एक प्रत द्या, पोच घ्या.

चाळीस बायका थोड्या आहेत असं समजू नका. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात दारूचे गुत्ते वाढतायत म्हणून एकट्याने पत्र लिहिलं होतं. १९०८ मध्ये पुण्यातले स्वयंसेवक दुकानांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवत होते, टिळकांचा त्यांना पाठिंबा होता. या शहरात ही मागणी नवी नाही.

मुलाबद्दल एक. त्याला सांगा की बाबांना आजार आहे आणि तो तुझ्यामुळे झालेला नाही. दहा वर्षांचं मूल असं धरून चालतं की आपण नीट वागलो तर बाबा पिणार नाहीत. मी तसं धरून होते. रविवारी सकाळी त्याला तुमच्या गल्लीबाहेर कुठेतरी पाठवा, पोहायला, मामाकडे, कुठेही, म्हणजे त्याचा रविवार त्या शटरवर अवलंबून राहणार नाही.

प्रश्न : मी सदाशिव पेठेतला सेवानिवृत्त ७१ वर्षांचा माणूस. महिन्यातून एक-दोनदा मित्रांबरोबर घेतो, घरी सगळ्यांना माहीत आहे. परमिट लागतं म्हणतात ते खरं का? आणि ड्राय डे नक्की किती? दर वेळी दुकानापर्यंत जाऊन परत यावं लागतं.

उत्तर : काका, परमिट लागतं. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना हवा. एक दिवसाचा पाच रुपयांत दुकानातच मिळतो, देशीचा दोन रुपयांत. वर्षाचा शंभर रुपये, आयुष्यभराचा हजार. कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं, बिअरसाठी २१. तुम्ही वर्षाचा काढून ठेवा.

ड्राय डेची यादी दर वर्षी दुकानाबाहेर लावलेली असते, ती बघत जा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी आणि कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी हे ठळक दिवस. पुण्यात गणपतीत आणि पालखी मुक्कामी असताना जिल्हाधिकारी वेगळे आदेश काढतात, आणि तुमच्या पेठांतले नियम उपनगरांपेक्षा कडक असू शकतात. निवडणुकीत मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस. रविवार यात नाही.

एक विचारते, राग मानू नका. वयाच्या ७१ व्या वर्षी रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर महिन्यातून दोनदा घेता हे डॉक्टरांना स्वतःहून सांगितलं आहे का? पुष्कळजण सांगत नाहीत. झोपेची गोळी आणि दारू एकत्र कधीच नको.

प्रश्न : आमची वाकडची सोसायटी, २१० फ्लॅट. खालच्या गाळ्यात बिअर शॉपी येणार असं कळलंय. शेजारच्या इमारतीत एक वाईन शॉप आधीच आहे. शनिवार-रविवार रात्री गाड्या तिथेच लावून, बॉनेटवर ग्लास ठेवून चालतं. आम्ही नवी थांबवू शकतो का, आणि जुनी हलवू शकतो का?

उत्तर : नवीचं सोपं आहे. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत उत्पादन शुल्क खात्याच्या वतीने जाहीर झालं की गृहनिर्माण सोसायटीतल्या गाळ्यात नवीन बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर नोंदणीकृत सोसायटीचं ना-हरकत पत्र लागेल. त्यामुळे आजच विशेष सर्वसाधारण सभा बोलवा, ठराव करा आणि त्याची प्रत उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात पोच घेऊन द्या. गाळामालक सभासद असेल तर तो एकट्याने कुठे सही करत नाही ना, हेही पाहा. परवाना मिळाल्यावर जागं होण्यात अर्थ नसतो.

जुनं दुकान हे लांबचं काम आहे. त्याला रस्ता एकच, ‘आडवी बाटली’. वॉर्डातल्या एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी २५ टक्के सह्यांचं निवेदन द्यायचं. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं. अडचण इथे आहे की बंदीसाठी मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्यांची मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. सहा वर्षांपूर्वी सोडून गेलेला भाडेकरू यादीत असेल तर त्याचं न आलेलं मत दुकानाच्याच बाजूने मोजल्यासारखं होतं. मी एका अशा मतदानाच्या वेळी दिवसभर केंद्राबाहेर बसले होते. आलेल्या बहुतेक बायकांनी आडवी बाटली केली, दुकान तरीही राहिलं. म्हणून आधी मतदार यादी घेऊन घराघरांत फिरा, गेलेल्यांची नावं कमी करून घ्या, सह्यांचं नंतर. तुमच्या २१० फ्लॅटमधले किती जण गावाकडे मत देतात, हेही मोजा. बॉनेटवरच्या ग्लासांसाठी यातलं काहीच लागत नाही. रस्त्यावर बसून पिणं हा गुन्हाच आहे, ११२ ला फोन करा आणि प्रत्येक वेळी करा.

प्रश्न : ताई, मी हडपसर भागात वाईन शॉपमध्ये काउंटरला आहे. अकरा वर्षं झाली. मी स्वतः पीत नाही. तुम्ही लिहिता ते घरी बायको वाचून दाखवते. रविवार आमचा सगळ्यात मोठा धंदा, त्यामुळे मला रविवारी सुट्टी नसते, मंगळवारी असते, तीही मालकाला जमली तर. माझी मुलगी आठवीत आहे, खो-खो खेळते. तिच्या मॅचेस रविवारीच असतात. मी एकही पाहिलेली नाही. लोक आमच्याकडे पापी माणसासारखं बघतात. रविवार बंद झाला तर सगळ्यात जास्त आनंद आम्हाला होईल, पण पगार कापला तर काय, याची भीती पण वाटते. मी काय करावं?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. या विषयावर इतकी वर्षं बोलते आहे, पण काउंटरच्या आतल्या माणसाला मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. तो मी विचारायला हवा होता.

आधी तुमचा हक्क. २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने दुकान आठवड्याचे सातही दिवस चालू ठेवता येतं, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक दिवस सलग २४ तास विश्रांती द्यावीच लागते. ती मालकाला जमण्यावर नसते. थोडे कामगार असलेल्या लहान दुकानांना या कायद्यातल्या बऱ्याच तरतुदींतून सूट आहे, म्हणून तुमच्या दुकानात हजेरीवर किती जण आहेत ते आधी बघा आणि मग शिवाजीनगरच्या कामगार आयुक्तालयात जाऊन विचारा. विचारायला नाव सांगावं लागत नाही.

पगाराच्या भीतीबद्दल. रविवार बंद झाला तर रविवारची सगळी विक्री बुडत नाही, बरीचशी शनिवारी आणि सोमवारी सरकते. इंडियाना राज्यात हे इतकं स्पष्ट होतं की रविवारची बंदी उठवायला वर्षानुवर्षं विरोध करणाऱ्यांत खुद्द दारूच्या दुकानांचे मालक होते. त्यांचा हिशोब असा की सहा दिवसांत जवळपास तेवढाच माल जातो आणि सातव्या दिवसाचा पगार, वीज वाचते. उघडलं तर सुपरमार्केटवाले गिऱ्हाईक पळवतील, हीही भीती होती. यातून तुम्हाला दोन्ही गोष्टी दिसतील. धंदा बुडेल म्हणून तुम्हाला काढतील, असं लगेच होणार नाही. पण ‘सातव्या दिवसाचा पगार वाचतो’ हे मालकाला तिथेही कळलं होतं, इथेही कळेल. तेव्हा पगार महिन्यावर ठरलेला आहे की हजेरीवर, हे आजच पक्कं करून घ्या. हजेरीवर असेल तर बोलायची वेळ बंदी येण्याच्या आधीची असते.

लोकांच्या नजरेचं काय सांगू? मी लहान असताना खडकीच्या दुकानातल्या काउंटरवरच्या माणसाचा फार राग करायची. एकदा आईने मला वडिलांना बघायला पाठवलं, तर त्यानेच मला आत फळीवर बसवलं, वडिलांना आज पुरे म्हणून सांगितलं आणि आम्हाला रस्ता ओलांडून दिला. राग तरीही गेला नाही, मूलच होते. तुमच्यासमोर रोज सकाळी दहाला थरथरत्या हाताने नोटा मोजणारी माणसं उभी राहतात. त्यांची नावं तुम्हाला घरच्यांच्या आधी माहीत असतात. एक करता आलं तर करा. १४४४६ हा नंबर काउंटरच्या काचेवर आतून चिकटवा. मालकाने हरकत घेतली तर मला कळवा, मी स्वतः येऊन त्यांच्याशी बोलेन.

आणि खो-खोचं. सगळे रविवार मागू नका, नकार मिळेल. मुलीच्या शाळेतून किंवा क्लबातून स्पर्धेचं वेळापत्रक आणा, त्यातले दोन रविवार निवडा, काउंटरवरच्या दुसऱ्या माणसाला तुमचा मंगळवार द्या आणि दोघांनी मिळून मालकाकडे जा. बदली आधी ठरवून गेलात तर नाही म्हणणं त्याला जड जाईल.

धायरीच्या ताईंना मी लिहिते आहे की त्यांच्या अर्जात एक ओळ वाढवा : रविवारी दुकान बंद ठेवताना तिथल्या कामगारांचा त्या दिवसाचा पगार कापू नये. तुमच्या मिसेसना त्यावर सही करायची असेल तर पत्ता कळवा, अर्जाची प्रत पाठवते.